ग्लोबल हेल्थच्या रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये नवीन जाताय? मग आधी हे वाचा

दर दोन-तीन महिन्यांनी कोणाचा ना कोणाचा मेसेज येतोच, की ताई मला ग्लोबल हेल्थमध्ये यायचंय, सुरुवात कुठून करू. मी दरवेळी तेच तेच टाइप करत बसते, म्हणून यावेळी एकदाच सगळं लिहून टाकते. मी गेली सात वर्षं एका युनिव्हर्सिटीच्या रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये आहे, तिथे ग्लोबल हेल्थ (देशोदेशीच्या लोकांच्या आरोग्याचा अभ्यास) आणि इंटरनॅशनल डेव्हलपमेंट (गरीब देशांच्या विकासाचा अभ्यास) असं दोन्ही एकत्र चालतं. आले तेव्हा स्टॅटिस्टिक्सची एमएस्सी एवढंच भांडवल होतं, डॉक्टर नव्हते आणि अजूनही नाहीये. इन्स्टिट्यूटचं नाव सांगत नाही, कारण पुढे थोडी गाऱ्हाणीही आहेत.

बहुतेकांच्या डोक्यात एक ठरलेलं चित्र असतं. धुळीचा रस्ता, जीप, लसींचा निळा डबा, मागे पळणारी पोरं. माझ्याही डोक्यात तेच होतं, खोटं कशाला बोलू. प्रत्यक्षात पहिले आठ महिने मी एका खिडकी नसलेल्या खोलीत स्क्रीनसमोर बसले होते, आणि आठवड्यातून दोनदा तीन वेगवेगळ्या खंडांतल्या लोकांबरोबर कॉल, त्यात कोणाची तरी पहाट झालेली असायची, कोणाची तरी मध्यरात्र, आणि कोणीतरी हमखास म्यूटवरच बोलत असायचं. कामाचा खरा माल म्हणजे आकडे. आकडा गोळा करणं, साफ करणं, तपासणं, त्यावर भांडणं आणि शेवटी तो छापणं. जीप नंतर मिळाली, पण तीही आकड्यासाठीच.

तर पहिल्या आठवड्यातली गोष्ट. मला एका सर्व्हेचा डेटा दिला, पाच वर्षांखालच्या मुलांची वजनं, उंची वगैरे, आणि सांगितलं की जरा बघून सोमवारी टीमला काहीतरी दाखव. मी शनिवार-रविवार बसून रंगीत चार्ट केले. त्यात एका जिल्ह्यात मुलांचं सरासरी वजन साडेपंधरा किलो आलं, बाकी सगळीकडे अकराच्या आसपास. मी खूश, म्हटलं काहीतरी सापडलं, स्लाइडवर लिहूनही टाकलं की या जिल्ह्यात पोषणाची स्थिती लक्षणीय चांगली आहे. आमच्या पीआय बाईंनी (पीआय म्हणजे प्रोजेक्टचा मुख्य संशोधक, हा शब्द तुम्हाला दिवसातून चाळीस वेळा ऐकायचाय) शांतपणे विचारलं, हा आकडा कुठून आला? मी म्हटलं, डेटामधून. खोलीत कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. मग प्रश्नावली उघडली तर तिथे बारीक अक्षरात होतं, वजन घेता आलं नाही तर ९९.९ लिहा. त्या जिल्ह्यातल्या एका टीमचा वजनकाटा दोन दिवस बंद पडला होता, त्या दोन दिवसांतली सगळी पोरं माझ्या हिशोबात शंभर किलोची झाली होती.

तेव्हापासून ‘हा आकडा कुठून आला’ हे वाक्य माझ्या मानेवर बसलंय. या क्षेत्रात नवीन येणाऱ्याला मी एकच गोष्ट शिकवू शकत असेन तर ती हीच, बाकी सगळं गुगलवर मिळतं.

आता थोडा इतिहास, कंटाळू नका, कामाचा आहे. या प्रकारच्या संस्था आकाशातून पडलेल्या नाहीत. लिव्हरपूलची ट्रॉपिकल मेडिसिनची शाळा १८९८ची, लंडनची १८९९ची, आणि दोन्ही निघाल्या त्या साम्राज्याच्या बंदरांवरून येणारे-जाणारे खलाशी, व्यापारी आणि अधिकारी तापाने मरत होते म्हणून. रोनाल्ड रॉसने १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी पाहिला आणि १९०२चं नोबेल घेतलं तेव्हा तो लिव्हरपूलला होता. म्हणजे सँपल एकीकडचं, संस्था दुसरीकडची, हा साचा तेव्हापासूनचा. पुढे १९४८ मध्ये डब्ल्यूएचओ आली, १९७८ मध्ये अल्मा-आटाला (तेव्हाच्या सोव्हिएत कझाकस्तानात) भरलेल्या परिषदेत ‘सर्वांसाठी आरोग्य’ची घोषणा झाली, ‘ट्रॉपिकल’चं ‘इंटरनॅशनल’ झालं आणि मग ‘ग्लोबल’. पाटी बदलली म्हणून सवयी लगेच बदलत नाहीत, आणि पार्टनर देशातली टीम मीटिंगमध्ये अचानक गप्प का झाली हे बऱ्याचदा या इतिहासात सापडतं, अजेंड्यात सापडत नाही.

पण याची दुसरी बाजूही आहे आणि ती मला इथे येऊन कळली याची लाज वाटते. आमच्या रीडिंग लिस्टमध्ये पहिल्याच महिन्यात जामखेड आलं, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेलं गावोगावच्या आरोग्याचं काम, जे अल्मा-आटाच्या आधी डब्ल्यूएचओने उदाहरण म्हणून घेतलं होतं. आणि त्यानंतर गडचिरोलीचा तो १९९९चा लॅन्सेट या मेडिकल जर्नलमधला पेपर, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा, गावातल्या शिकवून तयार केलेल्या बायकांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि त्या गावांत नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला. आमच्या सेमिनारमध्ये एका पोस्टडॉकने (पीएचडीनंतर संशोधन करणारा) तो पेपर फाडून खायचा प्रयत्न केला, रँडमायझेशन कुठे आहे, म्हणजे कोणत्या गावात काम करायचं ते चिठ्ठी टाकून ठरवलं होतं का, गावं कशी निवडली, वगैरे. दीड तास वाद झाला. मी गप्प बसले कारण मी तो पेपर आधी वाचलाच नव्हता, नुसतं नाव ऐकून होते. नावाचा अभिमान असणं आणि त्या पेपरची मेथड माहीत असणं यात किती अंतर असतं ते त्या दीड तासात कळलं.

इन्स्टिट्यूटमध्ये कोण कोण असतं? एपिडेमिऑलॉजिस्ट (रोग कोणात आणि कसा पसरतो ते अभ्यासणारे), इकॉनॉमिस्ट, डेमोग्राफर (लोकसंख्यावाले), मानववंशशास्त्रवाले, स्टॅटिस्टिशियन, थोडे डॉक्टर, आणि ज्यांच्याशिवाय एक दिवस चालत नाही ते प्रोजेक्ट मॅनेजर आणि फायनान्सवाले. (फायनान्सवाल्यांशी पहिल्या दिवसापासून नीट वागा, हे मी अगदी गंभीरपणे सांगतेय.) इकॉनॉमिस्ट लोकांना प्रत्येक गोष्टीची आरसीटी (चिठ्ठी टाकल्यासारखे गट पाडून केलेली चाचणी) करायची असते, २०१९ मध्ये बॅनर्जी, डुफ्लो आणि क्रेमर यांना अशाच कामासाठी अर्थशास्त्राचं नोबेल मिळाल्यापासून तर विचारूच नका, आणि मानववंशशास्त्रवाले त्यांच्याकडे बघून उसासे टाकतात. मला सुरुवातीला वाटायचं की हे मानववंशशास्त्रवाले करतात काय नक्की, वीस लोकांशी बोलतात आणि चाळीस पानं लिहितात. माझं मत बदललं ते बांगलादेशातल्या ओआरएसच्या (जुलाबात पाजायचं मीठ-साखरेचं पाणी) गोष्टीने.

ओआरएसचा पहिला भाग बऱ्याच जणांना माहीत असतो. १९७१, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावण्यांमध्ये कॉलऱ्याची साथ, सलाइनच्या बाटल्या संपत आलेल्या, आणि डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि बेकिंग सोडा पाण्यात कालवून ड्रमातून पाजायला लावलं, पाजायचं काम नातेवाइकांनीच केलं, आणि तीसच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण तीन-चार टक्क्यांवर आलं. लॅन्सेटने १९७८ मध्ये याला शतकातला कदाचित सगळ्यात महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं. ठीक. पण शोध लागला म्हणजे तो घराघरात पोचला असं होत नाही, आणि डेव्हलपमेंट नावाची भानगड इथून सुरू होते. ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत बांगलादेशात एक कोटी वीस लाखांच्या वर घरांत बायका पाठवून आयांना शिकवलं, चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, इतकं पाणी. शिकवणाऱ्या बाईचा पगार त्या आईला नंतर किती लक्षात राहिलंय यावर ठरायचा, आणि आईने करून दाखवलेल्या पाण्याचे नमुने लॅबमध्ये जायचे, मीठ बरोबर पडलं का ते बघायला. म्हणजे मोजमाप एकदम कडक. आणि तरी सुरुवातीला झालं काय, तर आयांना सगळं पाठ, पाणी पण बरोबर करतात, पण पोराला जुलाब झाले की वापरत मात्र फार कमी जणी. लक्षात राहण्याचा आकडा उत्तम, वापराचा आकडा पडलेला. मग लोकांशी बसून बोलल्यावर कळलं की शिकवणाऱ्या काही बायकांचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता, त्यांच्या स्वतःच्या घरी त्या दुसरंच औषध द्यायच्या, आणि पुरुषांना तर कोणी विचारलंच नव्हतं. हे कुठल्या रिग्रेशनमध्ये, म्हणजे आकड्यांच्या हिशोबात, दिसलं असतं? त्यामुळे आता मी उसासे टाकणाऱ्यांच्या शेजारी बसते.

आता जरा तांत्रिक पण मला सगळ्यात आवडणारा विषय, उंची. तुम्ही रिपोर्टात वाचता की अमुक इतके टक्के मुलं स्टंटेड, म्हणजे वयाच्या मानाने खुजी. हा टक्का येतो कुठून ते बघा. डब्ल्यूएचओने २००६ मध्ये वाढीचे स्टँडर्ड काढले, त्यासाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतली साधारण साडेआठ हजार मुलं मोजली होती. त्या तक्त्यानुसार दोन वर्षांच्या मुलग्याची उभ्याने मोजलेली मधली उंची ८७ सेंटिमीटरच्या आसपास, आणि ८१च्या खाली गेला की स्टंटेड. बरं, दोन वर्षांखालच्या मुलाला आडवं झोपवून मोजायचं आणि त्यावरच्याला उभं करून, आणि या दोन मापांत ०.७ सेंटिमीटरचा फरक धरलेला आहे. आता एक ८१.५ सेंटिमीटरचा पोरगा घ्या. आई म्हणाली दोन वर्षांचा आहे, तर तो ठीक. तोच पोरगा खरा सव्वीस महिन्यांचा असेल तर तिथे रेषा ८२.५ला आहे, म्हणजे तो स्टंटेड. पोरगा तोच, उंची तीच, वय दोन महिन्यांनी हललं आणि तो रिपोर्टाच्या एका रकान्यातून दुसऱ्यात गेला. आणि जन्माचा दाखला नसलेल्या ठिकाणी आई वय कसं सांगणार, ‘दोन वर्षांचा असेल’ असंच सांगणार ना.

म्हणून वयाचा हिस्टोग्राम (कोणतं वय किती वेळा आलं त्याचा खांबांचा चार्ट) काढला की १२, २४, ३६ महिन्यांवर उंच मनोरे दिसतात, मधे खड्डे. उंचीचा काढला तर शेवटचा आकडा शून्य नाहीतर पाच जास्त वेळा. एका राउंडमध्ये आमच्याकडे एका टीमच्या मोजमापात जवळपास अर्ध्या उंच्या .० किंवा .५ वर संपत होत्या, म्हणजे मोजपट्टी वाचताना डोळ्यांनी अंदाज मारलेला. मी फील्डला गेले तेव्हा कारण कळलं, त्यांच्या बोर्डाच्या रेघा झिजल्या होत्या, ऊन डोक्यावर, पोर रडतंय, आई ओढतेय, आजी ओरडतेय, आणि दोन माणसांत हे करायचं, एकाने गुडघे धरायचे आणि दुसऱ्याने डोकं सरळ ठेवून वाचायचं. मी स्वतः चार पोरं मोजली. चौथ्याने माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला. त्यानंतर ऑफिसात बसून ‘फील्ड टीमचा निष्काळजीपणा’ हा शब्द वापरायचं मी बंद केलं, नवीन बोर्ड पाठवायचं बजेट मागायला लागले.

वय काढायला स्थानिक घटनांचं कॅलेंडर नावाचा एक सुंदर प्रकार असतो. कुठला पूर, कुठली निवडणूक, पीक कापणी, कोणाचं लग्न, याच्या आधी की नंतर झालं बाळ, असं विचारत विचारत महिना गाठायचा. हे कॅलेंडर बनवायचं काम बहुतेक वेळा सगळ्यात ज्युनिअर माणसाला देतात आणि तो तोंड वाकडं करतो. करू नका, मागून घ्या हे काम. गावातल्या चार म्हाताऱ्या माणसांबरोबर बसून ते करावं लागतं आणि त्यात त्या जागेबद्दल जेवढं कळतं तेवढं वीस पेपर वाचून कळत नाही.

मोठे जागतिक आकडे तर वेगळीच गंमत. यूएनच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये गरोदरपण आणि बाळंतपणामुळे साधारण २ लाख ६० हजार बायका गेल्या. यातला शब्द ‘अंदाज’. जिथे सगळ्यात जास्त मृत्यू होतात तिथेच मृत्यूची नोंद सगळ्यात कमी होते, मग तिथे मॉडेल बसवावं लागतं, सर्व्हेत बायकांना त्यांच्या बहिणींबद्दल विचारतात, किती बहिणी होत्या, किती गेल्या, तेव्हा दिवस होते का. ही बहिणींची पद्धत १९८९ मध्ये मांडली गेली. मला ती कळली त्या दिवशी मी जरा वेळ नुसती बसून राहिले, की एवढी मोठी टेबलं या एका प्रश्नावर उभी आहेत. तसंच डॅलीचं. डॅली म्हणजे आजारामुळे आणि अकाली मरणामुळे गेलेली निरोगी वर्षं, १९९३च्या वर्ल्ड बँकेच्या रिपोर्टपासून सगळीकडे वापरतात. त्या पहिल्या हिशोबात पंचविशीतल्या माणसाचं एक वर्ष तान्ह्या बाळाच्या किंवा म्हाताऱ्याच्या वर्षापेक्षा जास्त वजनाचं धरलं होतं, आणि भविष्यातल्या वर्षांना दरसाल तीन टक्के कट लावला होता. टीका झाली, २०१०च्या ग्लोबल बर्डनच्या (जगातल्या रोगांचं ओझं मोजणारा अभ्यास) हिशोबातून दोन्ही काढून टाकलं. म्हणजे कोणता रोग ‘मोठा’ हे ठरवण्यात कोणीतरी एका खोलीत बसून घेतलेले असे निर्णय असतात, ते वाईट असतात असं नाही, पण ते माहीत असायला हवेत.

एथिक्सबद्दल बोलूया. सगळे नवे लोक एथिक्सचा फॉर्म (माणसांवर संशोधन करायच्या आधी कमिटीकडे भरायचा) म्हणजे सरकारी कटकट समजतात, मी पण समजायचे. तीस-पस्तीस पानं, दोन देशांत दोन वेगळ्या कमिट्या, एकीने बदल सुचवला की दुसरीकडे परत पाठवा. पण अमेरिकेतल्या टस्कीगीचं वाचा एकदा, १९३२ ते १९७२, सिफिलिस झालेल्या काळ्या पुरुषांना चाळीस वर्षं नुसतं ‘बघत’ ठेवलं, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही दिलं नाही. त्यानंतर फॉर्म भरताना हात एवढा जड होत नाही.

तरी फॉर्म आणि माणूस यात फट असतेच. आमच्या एका प्रोजेक्टमध्ये लोक बोलायला तयार, चहापाणी विचारताहेत, तासभर बोलताहेत, पण कन्सेंट फॉर्मवर सही म्हटलं की उठून जायचे. आमच्या ऑफिसात चर्चा की फॉर्म लांब आहे, भाषा कठीण आहे, अक्षरं मोठी करा. शेवटी तिथल्या सुपरवायझरने सांगितलं की बाबांनो, इथे आधीच्या पिढीत कागदावर अंगठे घेऊन जमिनी गेल्यात, कागद दिसला की घाबरतात. मग साक्षीदारासमोर तोंडी संमतीची परवानगी मागितली, ती यायला सात आठवडे लागले, तेवढ्यात पाऊस सुरू झाला आणि अर्धी गावं तुटली. वेळापत्रक बनवताना हे सात आठवडे कोणीच धरत नाही. तुम्ही धरा.

भाषांतराचंही तेच. प्रश्न भाषांतर करायचा, मग दुसऱ्या माणसाने मूळ न बघता उलटा भाषांतर करायचा, दोन्ही जुळवायचे. ऐकायला सोपं. पण जुलाब हा साधा शब्द घ्या, व्याख्या काय तर दिवसात तीन किंवा जास्त वेळा पातळ शी. आणि अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पातळच असते, बरीचदा होते, आईच्या मते तो जुलाब नाहीच. दात येतायत म्हणून होणाऱ्याला वेगळंच नाव. आम्ही प्रश्न विचारला ‘गेल्या दोन आठवड्यांत जुलाब झाले का’, आणि उत्तरं आली ती आईच्या व्याख्येने, आमच्या नाही. पायलट (आधी थोड्या लोकांवर प्रश्नावली चालवून बघणं) केला म्हणून सापडलं. पायलट कधीही वगळू देऊ नका, पैसे कमी पडले की सगळ्यात आधी तोच कापायचा मोह होतो.

पैशावर आलोच आहोत तर. या इन्स्टिट्यूटमधल्या बहुतेक नोकऱ्या ग्रँटवर असतात. म्हणजे तुमचा पगार युनिव्हर्सिटी देत नाही, प्रोजेक्ट देतो, प्रोजेक्ट संपला की कॉन्ट्रॅक्ट संपलं. आणि ग्रँट येते सरकारांच्या मदतनिधीतून किंवा गेट्स, वेलकमसारख्या फाउंडेशनकडून, त्यामुळे कुठल्या तरी देशात निवडणूक झाली की आमच्या कॅन्टीनमध्ये शांतता पसरते. ब्रिटनने २०२१ मध्ये मदतीचा वाटा राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ वरून ०.५ टक्के केला तेव्हा चालू प्रोजेक्ट मधेच कापले गेले, आणि २०२५ मध्ये २०२७ पर्यंत ०.३ करणार असं जाहीर झालं. २०२५ मध्येच अमेरिकेची यूएसएड (परदेशांना मदत देणारी सरकारी संस्था) बंद झाली आणि तिच्यासोबत डीएचएसचा (देशोदेशी घरोघरी जाऊन केलेले आरोग्याचे सर्व्हे) प्रोग्राम कोलमडला, १९८४ पासून चालू होता, ९०च्या वर देशांत ४००हून जास्त सर्व्हे. वर सांगितलेले उंची, जुलाब, बहिणी, हे सगळे प्रश्न जगभरात ज्या सर्व्हेंमधून विचारले जायचे त्यातला सगळ्यात मोठा हाच. आमच्या इथे त्या महिन्यात दोन टेबलं रिकामी झाली. हे घाबरवायला सांगत नाहीये, पण घरच्यांना ‘युनिव्हर्सिटीत नोकरी लागली, आता सेटल’ असं सांगण्याआधी कॉन्ट्रॅक्ट वाचा.

आणि आता ते गाऱ्हाणं. माझ्या दुसऱ्या वर्षी एक पेपर गेला, त्यात फील्डचं सगळं काम, टीम नेमणं, ट्रेनिंग, रोजची तपासणी, त्या सहीच्या प्रकरणाचा उलगडा, हे सगळं ज्या सुपरवायझरने केलं त्याचं नाव आभारात, लेखकांत नाही. लेखकांत एक प्राध्यापक होते ज्यांनी, माझ्या माहितीप्रमाणे, एकदा ‘छान’ असा रिप्लाय केला होता. मी विचारलं तर उत्तर आलं की नियमात बसत नाही. जर्नल एडिटरांच्या आयसीएमजेईच्या नियमांत चार अटी आहेत, कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा तपासणं, शेवटच्या रूपाला मान्यता, आणि जबाबदारी घेणं, चारही लागतात. बरोबर आहे, त्याने मसुदा तपासला नव्हता. पण त्याला मसुदा पाठवलाच कोणी नव्हता! आणि त्याच नियमांत असंही आहे की पहिली अट पूर्ण करणाऱ्याला बाकीच्या अटी पूर्ण करायची संधी द्यावी. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, असतं तर भांडले असते. आता प्रत्येक प्रोजेक्टच्या पहिल्याच महिन्यात मी लेखकांची यादी लिखित मागते, थोडी आगाऊ म्हणून प्रसिद्ध आहे, चालतं.

बरं, आत कसं यायचं. डिग्री म्हणाल तर एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स) चांगली पण सक्तीची नाही, स्टॅटिस्टिक्स, इकॉनॉमिक्स, सोशल वर्क, नर्सिंग, भूगोल, कुठूनही लोक आलेत. पीएचडी लगेच करू नका, आधी दोन वर्षं रिसर्च असिस्टंट म्हणून काम करून बघा, मग ठरवा कोणता प्रश्न तुम्हाला पाच वर्षं झोपू देणार नाही. आर किंवा स्टाटा (दोन्ही आकडेमोडीची सॉफ्टवेअर), दोन्हीपैकी एक नीट यायला हवं, ‘नीट’ म्हणजे तुमचा कोड सहा महिन्यांनी दुसऱ्याने चालवला तरी तेच उत्तर आलं पाहिजे. कोबो किंवा ओडीके (मोबाइलवर प्रश्नावली भरून घ्यायची साधनं) फुकट आहेत, घरबसल्या एक प्रश्नावली बनवून मित्रांवर चालवून बघा, वगळायचे प्रश्न, चुकीची उत्तरं अडवणं, हे करून पाहिलेला उमेदवार लगेच ओळखू येतो. डब्ल्यूएचओ आणि वर्ल्ड बँकेचा डेटा सगळ्यांसाठी खुला आहे, त्यावर हात साफ करा.

अर्जात ‘मला जगात बदल घडवायचा आहे’ लिहू नका. मी आता निवडीच्या पॅनेलवर बसते, शंभरातल्या ऐंशी पत्रांची सुरुवात तशीच असते. मागच्या वेळी ज्या मुलीला घेतलं तिने लिहिलं होतं की तुमच्या अमुक पेपरच्या तक्ता ३ मध्ये गावांची संख्या आणि मजकुरातली संख्या जुळत नाही, दोन गावं कुठे गेली? ती दोन गावं पुरात तुटली होती आणि आम्ही लिहायचं विसरलो होतो. पॅनेलमध्ये दोघं जरा नाराज झाले, पण तिला घेतलं. प्राध्यापकांना ईमेल करताना पण तेच, त्यांचा एक पेपर खरंच वाचा, एक प्रश्न विचारा, सात-आठ ओळींत संपवा, बायोडेटाची पाच पानं नकोत. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, त्यापुढे नाही. आणि बिनपगारी इंटर्नशिप शक्यतो घेऊ नका, ज्यांना घरून आधार आहे त्यांनाच परवडते ती.

इंटरव्ह्यूच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ असं विचारतात तेव्हा लाजून ‘नाही’ म्हणू नका. सुपरवायझर दर आठवड्याला भेटतो का, डेटा कोणत्या देशात राहतो आणि तिथल्या टीमला तो उघडता येतो का, लेखकांची यादी कधी ठरते, आधीचा असिस्टंट का सोडून गेला, हे सगळं विचारता येतं, कोणी रागावत नाही, रागावले तर तेही उत्तरच. आणि सगळ्यात आधी ग्रँटची शेवटची तारीख विचारा. माझ्या वेळी ती रुजू झाल्यापासून चौदा महिन्यांवर होती आणि मला सहाव्या महिन्यात कळली, तीही फायनान्सच्या बाईंकडून, प्रिंटरपाशी उभी असताना.